फुटांत मोजलेला देश : विल्यम लॅम्बटन

चेन्नईच्या पश्चिमेला, बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टै हे औद्योगिक क्षेत्र आहे. येथील ह्युंदाईच्या कारखान्यात १९९८ पासून मोटारी तयार होत आहेत. मोटारीचे सुटे भाग मिलिमीटरच्या हिशेबाने घडवले जातात. पण तिच्या टायरवरचे आकडे वाचले, तर रुंदी मिलिमीटरमध्ये आणि चाकाचा व्यास मात्र इंचांत दिलेला आढळतो. चेन्नईच्या आसपास घरासाठी जागा घेणारा माणूसही ‘ग्राउंड’, म्हणजे २,४०० चौरस फुटांच्या हिशेबानेच चौकशी करतो. भारताने मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये केला, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या मापांचा हा चिवटपणा नवलाचा वाटतो.

मात्र इरुंगाट्टुकोट्टैपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी १८०२ मध्ये जे घडले ते पाहिले, की हे नवल थोडे कमी होते. तेथे विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने एका पोलादी साखळीने भारताच्या शास्त्रीय मोजणीचा पाया घातला. ती साखळी शंभर फुटांची होती.

लॅम्बटन यांचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका सामान्य कुटुंबात झाला. गणिताची आवड त्यांना लहानपणापासूनच होती. सैन्यात भरती होऊन ते अमेरिकेत गेले. १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे ब्रिटिश फौजेने शरणागती पत्करली, त्या वेळी ते युद्धकैदी झाले. सुटकेनंतर कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यांनी सुमारे तेरा वर्षे काढली. बढती नाही, कीर्ती नाही; सोबतीला गणिताची पुस्तके एवढेच. भारतात आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यांच्या पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचे ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९९ च्या मोहिमेत, रात्रीच्या अंधारात चाललेली तुकडी शत्रूच्याच दिशेने जात असल्याचे लॅम्बटन यांनी ताऱ्यांवरून ओळखले. म्हैसूरचे राज्य पडल्यावर त्यांनी एक योजना मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे विणून द्वीपकल्पाची अचूक मोजणी करावी आणि त्याच कामातून पृथ्वीचा आकारही ठरवावा, अशी ती योजना होती.

वेलस्ली यांचा पाठिंबा मिळाला आणि मंजुरीही. कुरकुर मात्र थांबली नाही. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना तसे सांगितले की पुरे. नकाशांवर एवढा पैसा कशाला, असा आक्षेप मद्रासमधील खजिन्याचे हिशेब पाहणाऱ्या एका अधिकाऱ्याने घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तिला हसू नये. जुन्यावर काम भागते आहे तोवर नव्याचा खर्च का करावा, हाच प्रश्न पुढे प्रत्येक देशात मेट्रिक पद्धतीलाही विचारला गेला.

लॅम्बटन यांच्या साखळीची कथाही मोठी विलक्षण आहे. लंडनच्या रॅम्सडेन यांनी घडवलेली ही साखळी १७९३ मध्ये मॅकार्टनी यांच्या शिष्टमंडळाबरोबर चीनच्या सम्राटासाठी भेट म्हणून गेली होती. चीनमध्ये तिचे चीज झाले नाही. ती कोलकात्यात विकली गेली आणि तेथून मद्रासला पोहोचली. एप्रिल आणि मे १८०२ च्या रणरणत्या उन्हात लॅम्बटन यांनी सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. पोलाद उन्हाने वाढते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांमध्ये ठेवून तिच्यावर सावली धरली जाई आणि जवळच्या तापमापकांवर सतत नजर असे. साखळी चारशे वेळा मांडावी लागली. बंगळूरजवळ १८०४ मध्ये तपासणीसाठी दुसरी आधाररेषा मोजली, तेव्हा गणिताने काढलेली आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत अवघ्या काही इंचांचा फरक निघाला.

लॅम्बटन फुटांनी पृथ्वी मोजत होते, त्याच्या काही वर्षे आधी फ्रान्समध्ये पृथ्वी मोजूनच मीटर जन्माला आला होता. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे १७९१ मध्ये ठरले. देलांब्र आणि मेशां यांनी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्क ते बार्सिलोना ही रेषा मोजली. गंमत अशी, की ती मोजणी त्यांनी ‘त्वाझ’ या जुन्या फ्रेंच मापाने केली होती. म्हणजे जुन्या मापाच्या खांद्यावर उभे राहूनच नवे माप जगात आले.

दोन्ही देशांत युद्ध सुरू होते. लॅम्बटन यांच्यासाठी इंग्लंडहून निघालेले सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. ते कशासाठी आहे हे कळताच तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र आदळले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे तंबूत बसून त्याची वाकलेली चकती स्वतःच्या हातांनी पूर्ववत केली.

त्रिकोण मंगळूरपर्यंत पोहोचले तेव्हा द्वीपकल्पाची रुंदी सुमारे ४०० नव्हे, तर ३६० मैल असल्याचे कळले. त्यांनी आपल्या मोजणीची तुलना फ्रेंच व स्वीडिश मोजण्यांशीही केली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व देऊन गौरवले. मीटर की फूट, हा वाद या विद्वानांना आड आला नाही. एक गुणाकार केला की काम होत असे.

गुणाकार विद्वानाला सोपा असतो, दप्तराला नसतो. खुद्द फ्रान्समध्ये नेपोलियनला १८१२ मध्ये जुन्या नावांची मापे व्यवहारात परत आणावी लागली. मेट्रिक पद्धत १८४० पासून पुन्हा सक्तीची झाली. अमेरिकेने १८६६ मध्ये मेट्रिक पद्धतीला मान्यता दिली, सक्ती मात्र केली नाही. उलट, जुन्या जमीनमोजणीचे आकडे हलू नयेत म्हणून तेथे मोजणीसाठी किंचित वेगळा फूट २०२२ अखेरपर्यंत जपला गेला. ब्रिटनच्या रस्त्यांवर आजही मैलांचेच फलक आहेत. भारतातही किलोग्रॅमएवढा शेर ठरवणारा कायदा १८७१ मध्ये झाला होता. तो कधी अमलातच आला नाही. १९५६ च्या कायद्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाला एका मैलास एक इंच या प्रमाणाचे नकाशे सोडून एकास पन्नास हजार प्रमाणाचे नवे नकाशे तयार करावे लागले. फुटांतील उंची मीटरमध्ये आणण्याचे काम तर पत्रकागणिक होते.

दक्षिणेतून सरकत आलेली लॅम्बटन यांची मोजणी १८१८ मध्ये ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट त्यांचे सहायक झाले. रेखावृत्ताचे जवळपास दहा अंश मोजून झाले होते. वय सत्तरीला टेकले, तरी लॅम्बटन छावणीतच राहत. नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. वर्धा जिल्ह्यातील या गावातच त्यांना दफन करण्यात आले. पुढचे काम एव्हरेस्ट यांनी हाती घेतले.

हिंगणघाटच्या आसपासच्या शेतजमिनींचे क्षेत्र आज सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. महाराष्ट्रात सौदा मात्र अजून एकर-गुंठ्यांतच बोलला जातो. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि सुमारे १,०७६ चौरस फुटांचा आर यांत फरक इतका थोडा, की पुष्कळ शेतकरी आराला सरळ गुंठाच म्हणतात.