डॉक्टर रखमाबाई

पावसाळा तोंडावर आला म्हणजे महाड व पोलादपूर तालुक्यांतील डोंगरवाड्यांवर एक काळजी घरोघर असते. घरांत कोणी गरोदर असली आणि रात्रीं कळा येऊं लागल्या, तर तिला खालीं दवाखान्यांत न्यावयाची कशी? सन २०२१ च्या जुलई महिन्यांत तळिये येथें डोंगर खचला व सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें, तेव्हां किती वाटा एका दिवसांत बंद झाल्या हें आमच्या पुष्कळ वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. अशा वेळीं आपल्याच गांवची एखादी मुलगी बाळंतपणाचें शास्त्र शिकून आलेली असावी, असें कोणास वाटणार नाहीं? परंतु अशी मुलगी तयार होण्यास काय काय लागतें, ह्याचा विचार आपण क्वचितच करतों. तो विचार मनांत यावा म्हणून, ज्या बायांनीं ह्या देशांत हा मार्ग प्रथम चालून दाखविला त्यांपैकीं एकीचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

रखमाबाईंचा जन्म ता. २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईस झाला. त्यांच्या वडिलांचें नांव जनार्दन पांडुरंग व आईचें जयंतीबाई. घराणें सुतार जातीचें. जयंतीबाईंचें लग्न चौदाव्या वर्षीं झालें, पंधराव्या वर्षीं त्यांस ही मुलगी झाली, आणि सतराव्या वर्षीं त्या विधवा झाल्या. त्या जातींत पुनर्विवाहाची चाल असल्यामुळें कांहीं वर्षांनीं त्यांनीं डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्याशीं लग्न केलें, व पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नांवें करून दिली. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवीत असत व वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणते होते. सावत्र बाप असूनहि त्यांनीं ह्या मुलीस पोटच्या मुलीप्रमाणें वाढविलें, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

तरी रूढीपुढें त्यांचेंहि चाललें नाहीं. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी नांवाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशीं करून देण्यांत आलें. जांवयानें शिकावें व मार्गास लागावें अशी सखाराम अर्जुन ह्यांची अपेक्षा होती. ती त्यानें पुरी केली नाहीं. मुलगी मात्र आईबापांच्या घरीं राहून वाचूं लागली. शाळेंत जाण्याची सोय नव्हती. तेव्हां फ्री चर्च मिशनच्या पुस्तकालयांतून पुस्तकें मिळवून तिनें घरींच अभ्यास केला. एका मुलीस कोणी पुस्तक वाचावयास देतो, ही गोष्ट देणाऱ्यास क्षुल्लक वाटते. परंतु तिचें फळ कोठें जाऊन पिकेल हें त्यास कळत नाहीं.

सन १८८४ त दादाजीनें बायको नांदावयास यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत फिर्याद केली. रखमाबाई तेव्हां वीस वर्षांच्याहि नव्हत्या. आपली संमति नसतां अजाण वयांत लागलेलें लग्न आपणांस बांधूं शकत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. न्यायाधीश पिन्ही ह्यांनीं १८८५ च्या सप्टेंबरांत फिर्याद काढून टाकली. परंतु अपील झालें व मुकदमा पुन्हां चालला. ह्याच सुमारास रखमाबाईंनीं आपलें नांव न देतां, एक हिंदु स्त्री एवढीच सही करून, टाइम्स ऑफ इंडिया पत्रांत बालविवाहाविषयीं पत्रें लिहिलीं. आधार देणारे सखाराम अर्जुन १८८५ च्या एप्रिलांतच वारले होते. शेवटीं ता. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायाधीश फॅरन ह्यांनीं निकाल दिला कीं, ह्या बाईनें एका महिन्याच्या आंत नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें. त्यांनीं तुरुंग पत्करला, पण नांदावयास जाणें पत्करलें नाहीं. ह्या निकालाची चर्चा विलायतेपर्यंत गेली. पुढें १८८८ सालीं तडजोड झाली, दोन हजार रुपये देऊन त्या मोकळ्या झाल्या, व तुरुंगांत जाण्याची वेळ आली नाहीं.

त्या निकालाच्या सहाच दिवस आधीं, ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यास मरण पावल्या, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. दोघींच्या वयांत पुरतें अर्धें वर्षहि अंतर नव्हतें. आनंदीबाई अमेरिकेहून वैद्यकीची पदवी घेऊन आल्या होत्या, कोल्हापूरच्या इस्पितळांत त्यांची नेमणूकहि झाली होती. परंतु परक्या देशांतील थंडी व आहाराची गैरसोय ह्यांनीं प्रकृति खचत गेली, क्षयानें गांठलें, आणि एकाहि रोग्याची सेवा येथें घडण्यापूर्वीं ती बाई गेली. बुद्धि होती, धैर्य होतें, शिकण्याची सोयहि झाली होती; शरीर मात्र टिकलें नाहीं.

अशा वेळीं रखमाबाईंस डॉक्टर होण्याची इच्छा झाली. परंतु कोर्टाच्या पायऱ्या चढून थकलेली, लोकांच्या तोंडीं झालेली, नियमित शिक्षण न झालेली ही तरुण बाई विलायतेस जाणार कशी? येथें त्यांच्या मदतीस प्रथम आल्या त्या डॉक्टर एडिथ पीची. ह्या बाई मुंबईच्या कामा हॉस्पिटलाच्या मुख्य होत्या. एडिंबरो येथें ज्या सात स्त्रियांनीं वैद्यकीचें दार उघडण्याकरितां झगडा केला, त्यांतल्या त्या एक. आपण ज्या दारावर डोकें आपटलें तें दुसरीस सोपें व्हावें असें त्यांस वाटलें. त्यांनीं रखमाबाईंस धीर दिला व पैसा जमविण्यास आरंभ केला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनीं पांचशें रुपये दिले. इंग्लंडांत वॉल्टर मॅक्लॅरेन व त्यांच्या पत्नी इव्हा मॅक्लॅरेन हीं पाठीशीं उभीं राहिलीं. अशा रीतीनें १८८९ सालीं रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत दाखल झाल्या.

तेथें त्यांनीं रॉयल फ्री हॉस्पिटलांत रोग्यांच्या बिछान्याशेजारीं उभें राहून शिक्षण घेतलें. इंग्लंडांतील वैद्यांचीं व शस्त्रवैद्यांचीं मोठीं मंडळें त्या काळीं स्त्रियांस परीक्षेस बसूं देत नसत. म्हणून त्यांनीं स्कॉटलंडांत जाऊन एडिंबरो व ग्लासगो येथील मंडळांची परीक्षा दिली, व १८९४ त त्या डॉक्टर झाल्या. एम. डी. ही पदवी त्यांनीं ब्रसेल्स येथें मिळविली. पांच वर्षें लागलीं. ह्या पांच वर्षांत पाठचे हात सुटले असते तर काय झालें असतें, ह्याचा वाचकांनींच विचार करावा.

स्वदेशीं परत आल्यावर कांहीं काळ कामा हॉस्पिटलांत काम करून १८९५ त त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळावर गेल्या. इमारत होती, औषधें होतीं, डॉक्टरीणबाई होती; पण बाळंतपणास कोणी येईना. तेथें गेलेली बाई परत येत नाहीं, अशी भीति बायकांच्या मनांत बसली होती. त्यांनीं त्यांवर काय युक्ति केली ती अशी सांगतात. त्यांनीं एक गाभण शेळी इस्पितळांत आणविली व तेथें तिला विऊं दिलें. शेळी व तिचें पिल्लूं सुखरूप आहेत हें शेजारच्या बायांनीं पाहिलें, आणि हळूहळू त्यांचा धीर वाढला. शहाणपण पुस्तकांतून येतें खरें. परंतु घाबरलेल्या बाईस तिच्याच अंगणांतील गोष्टीनें समजवावें, हें ज्यास आपल्या लोकांची ओळख आहे त्यासच सुचतें.

सुरतेस वीसपेक्षां अधिक वर्षें सेवा करून त्या राजकोटच्या जनाना इस्पितळांत गेल्या. सरकारच्या स्त्रीवैद्यक खात्यांत जागा मिळत असतां ती त्यांनीं घेतली नाहीं. एकंदर पस्तीस वर्षें त्यांनीं बायकामुलांची सेवा केली, मग मुंबईस येऊन विसांवा घेतला. ता. २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. आज विलायतेस जावें लागत नाहीं. महाडास १९६१ पासून डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नांवाचें कॉलेज आहे. अलिबागेस २०२१ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चालूं आहे. नर्सिंगची पदवी चार वर्षांत मिळते, आणि सहाय्यक परिचारिका प्रसाविका होण्यास दोन वर्षें पुरतात. सन २०२४ पासून सरकारनें, ज्यांचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे अशा मागासवर्गीय व दुर्बल घटकांतील घरांच्या मुलींस, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा ह्यांची फी माफ केली आहे. हें फार चांगलें झालें.

परंतु फी माफ झाली म्हणजे मुलगी शिकली असें नव्हे. जेवणाचा खर्च माफ होत नाहीं. राहण्याची खोली, एस. टी. चें भाडें, पुस्तकें, गणवेश, हीं माफ होत नाहींत. प्रवेशपरीक्षेचा अर्ज कधीं भरावयाचा, उत्पन्नाचा व जातीचा दाखला तहसील कचेरींतून केव्हां काढावा, हें ज्या घरांत कोणी कॉलेज पाहिलेलें नाहीं त्या घरास कोण सांगणार? आणि दुसऱ्या वर्षीं परीक्षेंत एक विषय राहिला म्हणजे बाप मुलीस घरीं बोलावून तिचें लग्न ठरवितो. त्या दिवशीं त्याच्याशीं बोलावयास कोण जाणार?

हीं कामें कोणा एकाच्या आवांक्याबाहेरचीं आहेत, पण दहा घरांच्या आवांक्याबाहेरचीं नाहींत. एकानें महिन्याचे तांदूळ द्यावेत. दुसऱ्याचा भाऊ अलिबागेस किंवा मुंबईस असेल, त्यानें तिला राहावयास खोली द्यावी. शिक्षकानें तिचे कागद वेळेवर भरून द्यावेत. ज्या बाईस स्वतः शिकतां आलें नाहीं, तिनें मुलीच्या आईस चार धीराचे शब्द सांगावेत. रखमाबाईंस जे लोक भेटले त्यांत कोणी पैसा दिला, कोणी पुस्तक दिलें, कोणी परक्या देशांत आधार दिला. आणि त्या साह्याच्या बळावर एका बाईनें पस्तीस वर्षें हजारों आयांच्या उशाशीं बसून काढलीं.

आमच्या वाड्यांवर आज ह्या योग्यतेची एखादी मुलगी असेलच. ती कोण, हें शोधण्यास ह्याच आठवड्यांत आरंभ करावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.