खाँसाहेबांचा तंबोरा

आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना हे गाव गायकवादकांचे म्हणून प्रसिद्ध होते. तेथे १८७२ साली अब्दुल करीम खाँ यांचा जन्म झाला. तरुणपणी ते बडोदे दरबारी गायक होते. पुढे त्यांनी मिरजेस घर केले. १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य.

मैफलींसाठी खाँसाहेबांना दूरदूरच्या गावी जावे लागे, आणि गायकाचा प्रवास म्हणजे तंबोऱ्याचाही प्रवास! हे वाद्य सुमारे पाच फूट लांब, पण प्रकृतीने फार नाजूक. गवसणी घातलेली असली, तरी आगगाडीच्या एखाद्या धक्क्याने भोपळ्याला तडा जातो. दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट होतात; कोरड्या हवेत त्या सैल पडतात व लावलेला सूर उतरतो.

सर्वांत नाजूक असते ती जवारी. ज्या छोट्या चौकीवरून तारा जातात, तिला घोडी म्हणतात. तिचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो. छेडलेली तार त्या उतारास हलकेच स्पर्श करीत राहते. म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, तर गुंजतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून हे गुंजन खुलवितात. मात्र तारांच्या घर्षणाने घोडीवर हळूहळू खाचा पडतात. मग ती पुन्हा कानशीने घासावी लागते, आणि केसभर अधिक घासले गेले तरी नाद बिघडतो.

हे काम कुशल कारागिराचे. मिरजेत असे कारागीर होते. परक्या गावी ते कोठून मिळणार? खाँसाहेबांनी ही विद्या स्वतःच हस्तगत केली होती. वाद्यदुरुस्तीची हत्यारे ते नेहमी आपल्याबरोबर बाळगीत. एवढ्या मोठ्या गवयाने कानस हाती धरावी, याचे कोणास नवल वाटेल. परंतु त्यांचे गाणे संथ आलापांचे होते. एकेक स्वर ते जपून लावीत. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा सूक्ष्म गंधार ज्याच्या कानांना हवा असतो, त्याला कसाबसा जुळविलेला तंबोरा कसा चालावा? श्रुतींचे संशोधक कृष्णाजी बल्लाळ देवल यांनाही प्रयोगांत या सूक्ष्म स्वरज्ञानाचे साहाय्य झाले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासची मैफल आटोपून खाँसाहेब आगगाडीने पाँडिचेरीस निघाले. वाटेत त्यांची प्रकृती एकाएकी बिघडली. रात्रीच्या वेळी सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर त्यांना उतरावे लागले. फलाटावरच अंथरूण घातले गेले. वेदना होत असतानाही त्यांनी नमाज पढला, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी रागाच्या स्वरांत ते ईश्वराचे स्मरण करू लागले. तेथेच २७ ऑक्टोबर रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन करण्यात आले.