डोळ्यांवाचून जमलेला ताळा

गेल्या महिन्यात माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावर पट्टी, वाचन बंद. बँकेच्या लेजरमध्ये हयात घालवलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती? पडल्या पडल्या लिओनार्ड ऑयलर आठवला.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला १७०७ साली जन्मलेल्या या गणितज्ञाचा उजवा डोळा तिशीतच अधू झाला. १७७१ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला, त्याचे घर जळाले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डावा डोळाही गेला. तरी १७७२ च्या पत्रात त्याने बर्लिनच्या बेर्नुलीला कळवले, की २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे; म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही.

एकतीस वेळा दोन मांडून गुणावेत, त्यातून एक वजा करावा, की ती येते. ताळा पाहायला साडेचार हजारांवर मूळ संख्यांनी भागावे लागले असते. ऑयलरने ओळखले, की हिचा मूळ विभाजक त्याहून लहान असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च उरेल. भागाकार शंभराच्या आत आले!

१७८३ साली वारला तोवर तो लेखनिकांना सांगून लिहीतच होता. माझी पट्टी तर दुसऱ्याच दिवशी सुटली. कुरकुरायला तोंड कुठे आहे?