कुराण तोंडपाठ असलेला गुलाम: अयुबा सुलेमान दियालो

१७३३ साली इंग्लंडमध्ये विल्यम होर नावाच्या चित्रकाराने एका आफ्रिकन तरुणाचं तैलचित्र काढलं. डोक्याला पांढरा फेटा, अंगात पांढरा झगा आणि गळ्यात अडकवलेली लाल कातडी वेष्टनातली छोटी पोथी. ही पोथी कुराणाची असल्याचं मानलं जातं. चित्रातला माणूस दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेत तंबाखूच्या मळ्यावर गुलाम होता. तिथून तो लंडनच्या सरदारांच्या दिवाणखान्यात कसा पोचला? उत्तर विचित्र वाटेल, पण त्याची सुरुवात नमाजापासून होते.

अयुबा सुलेमान दियालोचा जन्म १७०१ च्या सुमारास बोंडू इथला. हा भाग आजच्या सेनेगलच्या पूर्वेकडे येतो. घराणं धर्मपंडितांचं, वडील इमाम. पंधराव्या वर्षापर्यंत त्याचं संपूर्ण कुराण पाठ झालं होतं आणि तो वडिलांना मदत करू लागला होता. ११४ सूरा, सहा हजारांहून जास्त आयती. तिकडे ग्रंथ हातानेच लिहिले जात आणि कागद मिळणं सोपं नव्हतं. त्यामुळे कुराण सांभाळायची खरी जागा म्हणजे माणसाचं डोकं.

१७३१ च्या सुरुवातीला वडिलांनी त्याला गॅम्बिया नदीकडे पाठवलं. तिथे आलेल्या इंग्रज जहाजावर दोन गुलाम विकायचे आणि कागद व इतर सामान आणायचं, असं काम होतं. होय, नीट वाचलंत. अयुबा स्वतः माणसं विकायलाच निघाला होता. ही बाजू वगळून त्याची गोष्ट सांगणं बरोबर नाही.

इंग्रज कप्तानाशी भाव जमला नाही, म्हणून त्याने नदी ओलांडून ते दोघे गाईंच्या बदल्यात विकले. परतताना एका ओळखीच्या घरी विसावा घेतला, हत्यारं भिंतीला टांगली आणि तेवढ्यात मंडिंका टोळीने त्याला धरलं. युद्धकैदी वाटावा म्हणून डोकं आणि दाढी भादरली आणि ज्या कप्तानाशी तो घासाघीस करून आला होता त्यालाच विकलं. वडिलांकडे निरोप गेला, त्यांनी बदल्यात गुलामही पाठवले, पण तोवर जहाज निघून गेलं होतं.

मेरिलँडमधल्या केंट बेटावर त्याला आधी तंबाखूच्या कामाला लावलं. ते झेपेना, आजारी पडला, तेव्हा मालकाने गुरं राखायला दिली. हे काम त्याच्या पथ्यावर पडलं. गुरं चरायला सोडायची आणि हळूच झाडीत जाऊन नमाज पढायची.

इथे थोडं थांबू. नमाजाला पुस्तक लागत नाही, कुराणाचा भाग तोंडपाठ म्हणायचा असतो. पाच वेळच्या फर्ज नमाजांच्या मिळून १७ रकाती होतात आणि प्रत्येक रकातीत सूरा फातिहा येते. तिच्याशिवाय इतर आयतीही म्हणतात. म्हणजे मशीद नाही, ग्रंथ नाही, भाषा समजणारं कुणी नाही, अशा ठिकाणीही हा माणूस आपलं पाठांतर रोज घासूनपुसून ठेवू शकत होता.

पण एका गोऱ्या पोराने त्याला पाहिलं. तो नमाजाच्या वेळी येऊन टिंगल करायचा, तोंडावर माती फेकायचा. तक्रार करायला अयुबाला इंग्रजी येत नव्हतं. शेवटी तो पळाला, पकडला गेला आणि तुरुंगात गेला.

तिथे थॉमस ब्लूएट नावाचे गृहस्थ उत्सुकतेपोटी त्याला बघायला आले. त्यांनी वाइनचा पेला पुढे केला, अयुबाने नाकारला. मग कागदावर एक-दोन ओळी लिहून वाचून दाखवल्या. त्यातले अल्ला आणि मुहंमद हे दोन शब्द ऐकणाऱ्यांना कळले. हा मुसलमान आहे आणि साक्षर आहे, हे लक्षात आलं. पुढे वोलोफ भाषा जाणणारा एक वृद्ध गुलाम दुभाषी म्हणून मिळाला आणि पळण्याचं कारण उलगडलं. मालकाकडे परत गेल्यावर त्याला नमाजासाठी स्वतंत्र जागा मिळाली. स्वातंत्र्य मात्र नाही.

ते पत्राने मिळालं. अयुबाने वडिलांना अरबीत पत्र लिहिलं, ते फिरत फिरत लंडनला जेम्स ओगलथॉर्प यांच्या हाती पडलं. त्यांनी ऑक्सफर्डमधून भाषांतर करून घेतलं आणि ४५ पौंड देऊन त्याला सोडवून आणायची व्यवस्था केली. १७३३ च्या वसंतात तो ब्लूएट यांच्यासोबत जहाजाने निघाला. वाटेत इंग्रजी शिकला आणि मांस हलाल असावं म्हणून जनावरं स्वतःच्या हाताने कापली.

इंग्लंडमध्ये लोकांनी वर्गणी काढून त्याची कायमची सुटका केली. हान्स स्लोन यांच्यासाठी त्याने अरबी लिखाणांची भाषांतरं केली. आणि आठवणीतून, समोर काहीही न ठेवता, संपूर्ण कुराणाच्या तीन प्रती लिहिल्या. पुढची प्रत लिहिताना आधीची उघडूनही पाहिली नाही. चित्र काढून घ्यायला आधी नकार दिला, मूर्तिपूजा होईल म्हणून. नंतर तयार झाला, पण आपल्याच देशाच्या वेषात.

ऑगस्ट १७३४ मध्ये तो गॅम्बियाला परतला. ज्यांनी त्याला विकलं होतं, त्यांच्या राजाला बदल्यात मिळालेलं पिस्तूल गळ्यात बाळगायची सवय होती. ते चुकून उडालं आणि राजा मेला, हे ऐकून अयुबाने गुडघे टेकून देवाचे आभार मानले. वडील नुकतेच वारले होते, मात्र मुलगा सुटल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. एका बायकोने त्याला मेला समजून दुसरं लग्न केलं होतं. त्याने तिला दोष दिला नाही.

आणि तिथे पोचून फार दिवस झाले नव्हते, तोच त्याने एक गुलाम बाई विकत घेतली. पुढे तो इंग्रज कंपनीशी व्यवहार करत राहिला, १७७३ मध्ये वारला. मेरिलँडहून वडिलांना लिहिलेलं ते पत्र बोंडूला पोचलंच नाही. ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.