व्यसनमुक्तांच्या आधारवड डॉ. अनिता अवचट

पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी अर्थसाहाय्य देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. गर्दच्या रुग्णांसाठी निघालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले.

व्यसन हा आजार आहे, ही अनिताताईंची ठाम भूमिका होती. (आपल्या घरांत मात्र अजूनही पाणउताऱ्यावरच भर असतो.) पाच आठवड्यांच्या उपचाराने शरीर सावरते, खरी कसोटी लागते ती घरी परतल्यावर, जुने सोबती भेटल्यावर. म्हणून त्यांनी व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच समुपदेशनाच्या कामास लावले. ज्याने ती तलफ भोगली, त्याच्यापुढे रुग्ण खोटे बोलत नाही. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपी एकमेकांशी मोकळेपणाने बोलले, त्यातून उभ्या राहिलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचेही हेच सूत्र आहे.

कर्करोगाशी झुंजत असतानाही अनिताताईंनी काम सोडले नाही. १९९७ साली त्यांचे निधन झाले. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा उचलली.

वाढवण, डहाणू, तलासरीकडील माणसाला सभेसाठी दूर जावे लागले तर रोजंदारी बुडते, शिवाय कोणी ओळखेल ही लाज असतेच. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला शुल्क नाही, आणि तेथे कोण आले होते हे बाहेर सांगितले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच तेथील अट आहे.