शाळा मुलाच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

शिशुवर्गाच्या प्रवेशअर्जांचे दिवस आले, की आपल्या वस्तीतील आयांच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. कोणती शाळा चांगली, मुलाला किती लवकर घालावे, अक्षरे येत नाहीत तर घेतील का, मुलाखतीला काय विचारतील, अशा एक ना दोन, शंभर चिंता. मंडळात बसल्या बसल्या जी ती आपापला अनुभव सांगते, आणि ऐकणारीच्या मनाचा गोंधळ थोडा कमी होण्याऐवजी वाढतोच. अशा वेळी, लहान मुलाची शाळा कशी असावी या एकाच प्रश्नाला जिने सारे आयुष्य वाहिले, त्या एका महाराष्ट्रीय स्त्रीचे चरित्र आपण सर्वजणींनी आठवावे, म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलगी शिकली तर बिघडेल, असे मानण्याचा तो काळ. पण केळकरांच्या घरात मुलीने शिकावे हे गृहीतच होते. ताराबाई शिकत गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रभा नावाची मुलगी झाली. परंतु संसार सुखाचा झाला नाही, आणि १९२१ च्या सुमारास पतिपत्नी वेगळी झाली. आज असे काही घडले तरी चार तोंडे बोलतात. मग शंभर वर्षांपूर्वी काय झाले असेल, त्याची कल्पना भगिनींनी करावी. लहान मुलीला बरोबर घेऊन, स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी ताराबाई सौराष्ट्रात राजकोटला गेल्या. तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. मान होता, चांगला पगार होता. एखादी बाई तेथेच स्थिरावली असती, तर तिला कोणी नावे ठेवली नसती.

पण जवळच भावनगरला एक निराळा उद्योग चालला होता. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःचा मुलगा लहान असताना त्याला कसे वाढवावे, या विचारात ते पडले. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत काढलेल्या बालगृहाविषयी त्यांनी वाचले आणि वकिली सोडून ते मुलांमध्ये येऊन बसले. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर उघडले. मुले त्यांना इतकी बिलगत, की गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले. वकिलीपेक्षा मूल वाढवणे मोठे, असे एका पुरुषाला वाटावे आणि त्याने तसे करून दाखवावे, ही गोष्ट आपल्या घरच्या पुरुष मंडळींनाही वाचून दाखवण्याजोगी आहे!

१९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरच्या या कामात दाखल झाल्या. पुढची सुमारे नऊ वर्षे त्यांनी गिजुभाईंच्या खांद्याला खांदा लावून काम केले. गुजराती ही त्यांची मातृभाषा नव्हे; पण तीत त्यांनी लिहिले, शिक्षिकांना शिकवले. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला.

या बालमंदिरात होते तरी काय? छडी नव्हती. पाठांतराचा घोष नव्हता. पहिला नंबर आणि शेवटचा नंबर नव्हता. मुलाला भीती दाखवून किंवा बक्षिसाचे आमिष दाखवून शिकवायचे नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की जे काम मूल स्वतः करू शकते ते मोठ्यांनी त्याच्या हातून काढून घ्यायचे नाही. बटण लावणे, पाणी ओतणे, केर काढणे, आपली वाटी आपण विसळणे, हे सर्व तेथे शिक्षणच होते. लहानमोठ्या लाकडी दट्ट्या आपापल्या भोकात बसवताना डोळा आणि बोटे तयार होतात. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता अक्षराचे वळण हाताला कळते, आणि मग एके दिवशी लिहिणे आपोआप येते. लिहिण्याआधी हात तयार व्हावा लागतो, ही साधी गोष्ट आपण विसरतो आणि तिसऱ्या वर्षी मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याला रडवतो.

गोष्टी, गाणी, नाच, बाहुल्या, बाग आणि सफाई यांनाही बालमंदिरात तेवढेच स्थान होते. माँटेसरीबाईंचे तत्त्व त्यांनी घेतले, पण त्यावर आपल्या मातीचे कलम केले.

भावनगरहून ताराबाई मुंबईला परतल्या. शिक्षण पत्रिका हे संघाचे मासिक गुजरातीत निघत होतेच. १९३३ पासून ते मराठीत काढण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. पालकांशी सरळ, साध्या भाषेत बोलणारे असे नियतकालिक मराठीत तोवर दुर्मीळ होते. १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार काढले. मध्यमवर्गीय आईबापांना तेथे प्रथमच कळले, की शाळेत जाताना मूल हसतही जाऊ शकते. शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापन मंदिरही चालू झाले. १९३९ साली गिजुभाई वारले. संघाचा मोठा भार ताराबाईंवर आला आणि त्यांनी तो पेलला. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्याही होत्या.

येथपर्यंतचे चरित्र एखाद्या थोर शिक्षिकेचे म्हणता येईल. पुढचे त्याहून मोठे आहे.

दादरचे शिशुविहार नीट चालले होते, नाव झाले होते. पण ताराबाईंच्या मनाला एक प्रश्न टोचत होता. ही सुंदर साधने, ही हवेशीर जागा, हे शिकलेले शिक्षक, सारे कोणासाठी? फी देऊ शकणाऱ्या शहरी घरांतल्या मुलांसाठीच. ज्याची आई पहाटे मजुरीला जाते आणि ज्याचे धाकटे भावंड त्याच्याच कडेवर असते, त्या मुलाचे काय? वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, जेव्हा माणसे विसाव्याची जागा शोधतात तेव्हा, १९४५ साली, ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. याच वर्षी त्यांना एक सहकारी मिळाल्या, त्या अनुताई वाघ. बालवयातच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई तेव्हापासून अखेरपर्यंत या कामाला बांधल्या गेल्या.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणजे मुले येतातच असे नाही. हरिजन वस्तीतली मुले येईनात. कोणाला कपडे नव्हते, कोणाला संकोच होता, कोणाच्या घरी मूल आणून सोडायला माणूस नव्हते. मुले येत नाहीत म्हणून आईबापांना नावे ठेवणे सोपे होते. ताराबाईंनी उलट केले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाकडे जाईल! शिक्षिका साधने घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी घरासमोरचे अंगण झाडायचे, जमतील तेवढी मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी ही वाडी म्हणजे अंगणवाडी. आज देशभर खेडोपाडी जो शब्द रुळला आहे, तो असा कामातून जन्मला.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. विकतची लाकडी साधने महाग. खेड्याला ती कशी परवडणार? तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती, काड्या हीच साधने झाली. मोजायला चिंचोके चांगले, रंग ओळखायला फुले चांगली, लहानमोठे लावायला खडे चांगले. खर्च जवळजवळ नाही, आणि मुलाच्या ओळखीची वस्तू म्हणून त्याला ती परकी वाटत नाही.

१९५७ साली हे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. तेथे आणखी एक अडचण उभी राहिली. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण धाकट्याला सांभाळायचे असते. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, मोठी मुलगी वर्गात. या योजनेला विकासवाडी असे नाव दिले. आणि जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. गुरे चरत आहेत, झाडाखाली मुले शिकत आहेत, असे ते दृश्य. ज्याच्या त्याच्या पोटाच्या उद्योगाला धक्का न लावता शिक्षण त्याच्यापर्यंत कसे न्यावे, याचा इतका बारीक विचार फार थोड्यांनी केला असेल.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले; १९९२ साली त्याही गेल्या.

आता आपल्या प्रवेशअर्जांकडे वळू. ताराबाईंच्या कामाच्या मापाने शाळा मोजायची झाली, तर इमारत किती मजली आणि गणवेश किती रुबाबदार हे प्रश्न मागे पडतात. वर्गातली मुले हालतात, बोलतात, हसतात का? शिक्षिका मुलाशी बोलताना खाली वाकते का? हाताळायला वस्तू आहेत, की नुसती पुस्तके? शाळा घरापासून किती लांब आहे, आणि तीन वर्षांचे पोर गाडीत किती वेळ घालवणार? मुलाला घरची भाषा बोलू देतात का? एवढे पाहावे. एक सकाळ त्या शाळेच्या फाटकापाशी उभे राहून येणाऱ्या मुलांचे चेहरे पाहावेत, त्यातून पुष्कळ कळते.

कायदाही आता आपल्या बाजूला बराच सरकला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना प्रवेश देताना मुलांची वा पालकांची परीक्षा घेण्यास आणि देणगी उकळण्यास मनाई केली, मारण्यासही मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पहिलीसाठी पूर्ण सहा वर्षांचे वय सांगितले. म्हणजे त्याआधीची वर्षे खेळण्याची आहेत, हे शंभर वर्षांपूर्वी भावनगरच्या बालमंदिरात ज्यांनी ओळखले, त्यांचेच म्हणणे देशाने उशिरा का होईना मान्य केले.

आणि आणखी एक गोष्ट, भगिनींनो. आपल्या मुलाला चांगल्या शाळेत जागा मिळाली की आपली चिंता संपते. ताराबाईंची तेथे सुरू झाली. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचे पोर सकाळी कोठे असते, वस्तीतल्या अंगणवाडीत सेविका एकटी किती मुले सांभाळते, तिला गोष्टीची पुस्तके, बिया, शिंपले, जुन्या साड्यांच्या बाहुल्या कोणी दिल्या आहेत का, एवढी चौकशी आपण मंडळाच्या वतीने करू शकतो. आठवड्यातून एक दुपार दोघी तिघींनी तेथे जाऊन गोष्ट सांगितली, तरी ती मुले आपली वाट पाहू लागतील. चाळीस मुले आणि एक सेविका यांच्यामध्ये आपल्या एका दुपारचे मोल आपल्याला वाटते त्याहून फार अधिक आहे. मंडळाच्या नव्या वर्षाचा आरंभ या कामाने करण्यासारखा आहे.