स्वतःच्या नावाने खेळला म्हणून गोल्ड मेडल्स गेली, आज त्याच नावाच्या सहीसाठी लोक हजारो डॉलर मोजतात

टॉप्स या अमेरिकन कंपनीने १९५५ साली कॉलेज फुटबॉल गाजवलेल्या खेळाडूंचा १०० कार्डांचा सेट काढला. त्यातलं ३७ नंबरचं कार्ड जिम थॉर्पचं. जुनी कार्डं जमवणाऱ्यांमध्ये या कार्डाला मोठा मान आहे. पण उद्या कुणी तुम्हाला हे कार्ड जिमच्या सहीसकट विकायला आलं, तर सरळ हात जोडा. ती सही खोटीच असणार. कारण हे कार्ड छापलं तेव्हा जिमला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता हा जिम थॉर्प कोण? तर अमेरिकन फुटबॉलचा पहिला मोठा स्टार. हा मेस्सी-रोनाल्डोचा फुटबॉल नव्हे, अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचा खेळ.

जिमचा जन्म १८८७ चा, आजच्या ओक्लाहोमातला. तो सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी जमातीचा. जुळा भाऊ चार्ली लहानपणीच न्यूमोनियाने गेला, पुढे आई गेली, मग वडील. १९०४ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये आला. मूलनिवासी मुलांचे केस कापायचे, भाषा सोडायला लावायची आणि त्यांना गोऱ्यांसारखं बनवायचं, यासाठीच ही बोर्डिंग शाळा काढली होती.

इथे पॉप वॉर्नर या कोचची नजर त्याच्यावर पडली आणि जिम फुटबॉलच्या टीममध्ये आला. १९११ मध्ये कार्लाइलच्या पोरांनी बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असं हरवलं. त्यात जिमने एकट्याने चार फील्ड गोल मारले. पुढच्या वर्षी त्यांनी आर्मीच्या टीमला २७-६ ने धुतलं. त्या आर्मीच्या टीममध्ये ड्वाइट आयझेनहॉवर होते, तेच जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

त्याच १९१२ साली स्टॉकहोमला ऑलिम्पिक झालं. जिमने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन गोल्ड जिंकली. डेकॅथलॉन म्हणजे दहा वेगवेगळे खेळ एकट्याने खेळायचे. यात दुसऱ्या नंबरवर आलेला स्वीडनचा ह्यूगो वीसलँडर त्याच्या खूपच मागे होता.

आणि मग माशी शिंकली.

१९१३ च्या जानेवारीत एका वर्तमानपत्राने बातमी छापली. जिम १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खेळाचे पैसे घेतलेल्या माणसाला ऑलिम्पिक बंद होतं. खरं तर सुट्टीत असं खेळणारी कॉलेजची पोरं तेव्हा भरपूर होती. फक्त ती खोटं नाव लावून खेळायची. जिम खेळला तो स्वतःच्या नावाने, म्हणून सापडला.

मग अमेरिकन संघटनेकडे एक माफीपत्र गेलं. खाली सही जिमची, पण ते लिहिण्यात वॉर्नरचा हात होता असं अभ्यासक मानतात. पत्राचा काही उपयोग झाला नाही. मेडल्स परत गेली, नाव रेकॉर्डमधून पुसलं गेलं.

गंमत म्हणजे, आक्षेप घ्यायचा तर स्पर्धेनंतर ३० दिवसांत घ्यावा, असा नियम त्या ऑलिम्पिकच्या नियमावलीतच होता. बातमी आली सहा महिन्यांनी. पण तेव्हा हे बोलायला जिमच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही.

नाव बदनाम झालं तरी ते खपत होतं. न्यूयॉर्क जायंट्सने त्याला बेसबॉलसाठी घेतलं. १९१५ मध्ये कॅंटन बुलडॉग्स या फुटबॉल टीमने एका मॅचला २५० डॉलर दिले. १९२० मध्ये व्यावसायिक टीम्सची संघटना उभी राहिली, तेव्हा पहिला अध्यक्ष म्हणून जिमलाच बसवलं, कारण त्याच्या नावाने पेपरात बातमी यायची. हीच संघटना म्हणजे आजची एनएफएल.

जिम १९२८ पर्यंत खेळला. मग मंदी आली. त्याने खड्डे खणायची मजुरी केली, हॉलिवूडमध्ये छोटी-मोठी कामं केली. १९३३ मध्ये गाउडी कंपनीने च्युइंगमसोबत ४८ खेळाडूंची कार्डं काढली, त्यात जिम होता. तेव्हा तो हयात होता, त्यामुळे या कार्डावर त्याची खरी सही असणं निदान शक्य तरी आहे. म्हणूनच जुन्या सहीचं कार्ड घेताना जाणकार आधी दोन तारखा बघतात. कार्ड कधी छापलं आणि खेळाडू कधी गेला?

कार्ड कंपन्यांनी मात्र यावर तोड काढली आहे. जुन्या पत्रावरची किंवा चेकवरची खरी सही कापायची आणि नव्या कार्डात बसवायची. याला कट ऑटोग्राफ म्हणतात. जिमच्या सह्या अशाही विकल्या जातात.

१९५० मध्ये अमेरिकन पत्रकारांनी त्याला अर्ध्या शतकाचा सर्वश्रेष्ठ ॲथलीट निवडलं. १९५१ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, बर्ट लँकेस्टरने त्याची भूमिका केली. साधारण त्याच सुमारास जिमला ओठाचा कॅन्सर झाला आणि त्याच्यावर धर्मादाय उपचार झाले, कारण खिशात पैसे नव्हते. २८ मार्च १९५३ ला कॅलिफोर्नियात एका ट्रेलर होममध्ये तो गेला.

पण नावाचा व्यवहार तिथेही थांबला नाही. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीने अंत्यविधी चालू असताना त्याच्या तिसऱ्या बायकोने पार्थिव उचलून नेलं. पेनसिल्व्हेनियातल्या दोन डबघाईला आलेल्या गावांशी तिने सौदा केला. पर्यटक येतील या आशेने ती गावं एक झाली आणि गावाचं नाव ठेवलं, जिम थॉर्प. वडिलांना घरी न्यायला त्याची मुलं कोर्टात गेली. २०१३ मध्ये जिंकली, २०१४ मध्ये अपिलात हरली आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस घ्यायला नकार दिला. जिम आजही तिथेच आहे.

मेडल्सचं काय झालं? रॉबर्ट व्हीलर हे अभ्यासक आणि त्यांची पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांनी ३० दिवसांच्या नियमाचा पुरावा शोधून काढला. १९८२ मध्ये ऑलिम्पिक समितीने जिमला विजेता मानलं, पण संयुक्त विजेता म्हणून. अखेर १५ जुलै २०२२ ला, डेकॅथलॉन जिंकल्याला बरोबर ११० वर्षं झाली त्या दिवशी, समितीने दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लावलं. वीसलँडरच्या घरच्यांनीही त्याला साथ दिली. जिम हाच खरा विजेता असं वीसलँडर स्वतः आयुष्यभर मानत आला होता, असं त्यांनी समितीला कळवलं.